दुलीचंदभाऊंचा शेवटचा प्लॅन

दुलीचंदभाऊ, तुमच्या तेरवीला गर्दी चांगली झाली. तुम्हाला आधी हेच ऐकायचं असणार, म्हणून आधी हेच सांगते. मांडव अपुरा पडला. सौंदडच्या स्टेशनाकडून माणसं पायी येत होती, साकोलीकडून जीपा भरून आल्या, नाटकवाली मंडळी तर झाडून सगळी आली. ज्यांच्या दुकानांना तुम्ही कधी ना कधी सल्ला दिला ते आले, आणि तुमच्या सल्ल्याने ज्यांचं दुकान बसलं तेही आले. तेच जास्त जेवले.

तुम्ही असता तर लगेच विचारलं असतं, एवढी माणसं आली ती कशामुळे आली? फोनने, नातेवाइकांनी की भोंग्याने? आपलं गिऱ्हाईक कुठून आलं हे ज्या दुकानदाराला सांगता येत नाही त्याचं दुकान नशिबावर चालतं, असं तुमचं म्हणणं. तर ऐका. भोंगा फिरला होता, पण तो शेजारच्या गावच्या ऑटोवाल्याचा. त्याने तुमचं नाव सांगितलं, वार सांगितला, जेवणाची वेळही सांगितली, आणि गाव सांगायचं विसरला. लोक तरीही आले. शिवाय खुर्च्या होत्या त्या मांडव-खुर्च्या भाड्याने देणाऱ्या आपल्या बिछायत केंद्रवाल्याच्या. त्याला तुम्हीच सांगितलं होतं ना, की प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर काहीतरी लिही, मागे बसलेला माणूस नाटकभर तेच वाचत बसतो. तुम्हीच लिहून दिलं होतं, ‘आनंदाच्या प्रसंगी आमची आठवण ठेवा’. तुमच्या हार घातलेल्या फोटोसमोर त्या सगळ्या खुर्च्या ओळीने मांडल्या होत्या. मला हसू आवरेना. मी पदर तोंडाला लावला. शेजारच्या बायांना वाटलं मी रडते आहे, त्यांनी पाठीवरून हात फिरवला, आणि मग मला खरंच रडू आलं.

तेव्हापासून लोक मला तुमच्याबद्दल फार चांगलं चांगलं सांगतात. मोठा माणूस होता, देवमाणूस होता. मी मान डोलावते. माझ्या डोळ्यांपुढे मात्र तुम्ही उभे राहता ते हातात माझा लाडू घेऊन. फुकटात खायचा आणि वर त्याला मार्केट सर्व्हे म्हणायचं, हा तुमचा कायमचा धंदा.

पहिला सर्व्हे सौंदडच्या आठवडी बाजारातला. तोपर्यंत मी तुम्हाला फक्त आवाजाने ओळखत होते. ऑटोवर भोंगा बांधून नाटकांची अनाउन्सिंग करत गावोगाव फिरणारा माणूस, एवढंच. आमची मुरमुऱ्याची भट्टी सासऱ्यांच्या वेळेपासूनची. मुरमुरे ठोक भावाने व्यापाऱ्यांकडे जायचे, उरले त्यांचे मी गुळात लाडू बांधून बाजारात घेऊन बसायची. तुम्ही माझ्या टोपलीसमोर उभे राहिलात, न विचारता एक लाडू उचललात, आणि नुकतीच भाव विचारून न घेता गेलेल्या एका बाईच्या मागे चालू लागलात. मला वाटलं, ह्या माणसाच्या डोक्यात काहीतरी सैल आहे. बाई पार भाजीच्या ओळीपर्यंत गेली, तुम्ही मागेच. परत येऊन म्हणालात की तिला लाडू आवडला होता, पण तिच्या थैलीत कांदे-बटाटे आहेत, त्यात लाडवाचा चुरा होईल. मी म्हटलं, ज्यांनी घेतले त्यांना विचारा ना कसे लागले. त्यावर तुम्ही जे बोललात ते मला आजही रोज उपयोगी पडतं.

“घेतलं त्याले काय विचारतेस? नाही घेतलं त्याले विचार, काऊन नाही घेतलं.”

पुढच्या बाजाराला मी लाडू पुड्यात बांधून नेले. ती बाई पुडा घेऊन गेली. तुम्ही दुसरा लाडू खाल्लात.

अनाउन्सिंग तुमचं पोट भरायचं साधन होतं, पण जीव होता तो दुसऱ्यांच्या दुकानात. शिलाई मशीनवाला, सायकल दुरुस्तीवाला, बांधावर मच्छी विकणारी, चहाटपरी, कुणीही असो, तुम्ही बाकावर बसून त्याला ‘प्लॅनिंग’ समजावत असायचात. आमचे हे म्हणायचे, ह्या माणसाचं स्वतःचं दुकान नाही म्हणून दुसऱ्याचं चालवतो. तुम्हाला हे कळलं तेव्हा तुम्ही खूश झालात. म्हणालात, बरोबर आहे, माझं दुकान असतं तर मला दुसऱ्याचं दिसलं नसतं.

तालुक्याला छोट्या धंदेवाल्यांचं शिबिर झालं ते आठवतं? बोलावणं मला होतं. तुम्ही माझे ड्रायव्हर म्हणून आलात आणि पहिल्या ओळीत जाऊन बसलात. नागपूरच्या एक ताई भिंतीवर चित्रं दाखवून शिकवत होत्या. आम्ही बायका वहीत उतरवून घेत होतो, तुम्ही हात वर करून बसलेले. त्या ताईंना तुम्ही इतके प्रश्न विचारलेत की जेवण गार झालं. बिचाऱ्या तरुण होत्या, पण डगमगल्या नाहीत. शेवटी त्यांनीच तुम्हाला विचारलं, काका, ह्या लाडवांचं टार्गेट गिऱ्हाईक कोण? तुम्ही म्हणालात, सगळेच. त्या हसून म्हणाल्या, सगळे म्हणजे कुणीच नाही, नीट विचार करून सांगा.

परतीच्या वाटेवर तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. मी घाबरले, म्हटलं ह्यांना अपमान वाटला की काय. धानाच्या बांध्यांतून जाणाऱ्या रस्त्यावर, जिथे ना चिटपाखरू ना झाड, तुम्ही ऑटो थांबवलात, मागे वळलात आणि म्हणालात, “जावई.”

बस. आमचा धंदा तिथून सुरू झाला. तुम्ही बाहेरच्या माणसाला मंडई समजावून सांगायचात तेव्हा नेहमी जावयापासूनच सुरुवात करायचात. दिवाळी झाली की इकडे गावागावांत मंडई भरते, ज्या त्या गावाचा दिवस ज्याचा त्याचा. दिवसा बाजार, रात्री मांडवात नाटक, आणि त्या दिवशी गावच्या सगळ्या लेकी नवऱ्या-पोरांसकट माहेरी. म्हणजे प्रत्येक मोटारसायकलवर एक जावई, आणि प्रत्येक जावयाच्या पोटात एकच चिंता, सासऱ्याच्या दारात रिकाम्या हाताने कसं जायचं. मिठाईचा डबा महाग पडतो, बिस्किटाचा पुडा फार छोटा दिसतो. मुरमुऱ्याचा लाडू मात्र दिसायला मोठा आणि वजनाला हलका, जावयासारखाच, असं तुम्ही म्हणायचात. आमचे हेही कुणाचे तरी जावईच, आणि तेव्हा तिथेच उभे होते. त्यांनी हसून घेतलं.

मग मोठा पुडा आला, लाल कागदाचा, दोरीला धरून नेता येईल असा. त्यावर नाव, ‘रेखाबाईचे लाडू’. जागा ठरली ती गावात शिरायच्या वाटेवर, कारण गावात शिरला की जावई लाडू घेत नाही, पाया पडायला लागतो. आणि भोंगा तर तुमचाच. एका दमात तुम्ही नाटकाचं नाव, नायिकेचं नाव आणि माझ्या लाडवाचं नाव घ्यायचात. ‘हसता हसता रडायला लावणारं, संपूर्ण कुटुंबासह पाहावं असं, रेखाबाईचे लाडू.’ लोक मला विचारायचे, बाई, तुमची नाटक कंपनी कुठली? मी तुमच्यावर चिडले की तुम्ही म्हणायचात, विचारलं नं? नाव डोक्यात बसलं नं? मग झालं.

तुम्ही नुसते बोलघेवडे असता तर एवढी वर्षं तुमचं कुणी ऐकलं नसतं. दसऱ्याआधीच तुम्ही गावोगाव जाऊन मंडईचे दिवस विचारून यायचात. कुठे कुठलं नाटक लागणार, कुठल्या गावच्या लेकी लांब दिल्या आहेत, कुठे हलकं धान लवकर निघून लोकांचे हात मोकळे होतील. ते सगळं कोळशाने आमच्या भट्टीच्या भिंतीवर. मग माझ्यामागे लागायचात, की कुठल्या दिवशी किती मुरमुरे फोडायचे, गूळ कधी आणायचा, कुठल्या मंडईला लाडू आदल्या संध्याकाळीच बांधायचे कारण तिकडे तलावाची हवा ओली, लाडू नरम पडतो. गुळाचा पाक कढईत चढल्यावर विचार करायला वेळ नसतो, तो आधी करून ठेव, हे तुम्ही इतक्या वेळा सांगितलं की मी तुमच्या आवाजात ते आमच्या ह्यांना सांगायला लागले.

आणि मग तुमची ती दोन गावं.

ही गोष्ट तेरवीच्या मांडवात किमान चार जणांनी सांगितली, प्रत्येकाने वेगळी. खरी मला माहीत आहे, कारण तुम्ही माझ्याच भट्टीत लपला होता. नाल्याअलीकडच्या गावचे लोक तुमच्याकडे आले, म्हणाले आमच्या मंडईला गर्दी कमी होऊन राहिली, पोरं गोंदिया-नागपूरला कामाला, मधल्या वारी कुणाला सुट्टी नसते. तुम्ही विचार केलात आणि सांगितलंत, दिवस बदला, दिवाळीनंतरचा पहिला रविवार धरा. पुढच्या आठवड्यात नाल्यापलीकडच्या गावचे लोक हेच रडगाणं घेऊन आले. तुम्ही पुन्हा तितकाच विचार केलात, आणि त्यांनाही सांगितलंत, दिवाळीनंतरचा पहिला रविवार. दोन्ही गावांनी नाटकं ठरवली, सुपाऱ्या दिल्या. दोन्ही नाटकांच्या अनाउन्सिंगचं काम अर्थातच तुमच्याकडे आलं. दोन्ही पोस्टर ऑटोच्या दोन बाजूंना लावताना तुम्हाला तारीख दिसली.

आजूबाजूच्या दहा गावांत असं कधी झालं नव्हतं. मंडईचे दिवस वेगळे असतात ते ह्यासाठीच, की इकडच्यांनी तिकडे जावं आणि तिकडच्यांनी इकडे यावं. आता कुणी मागे हटेना. जावयांचे तर हाल झाले, सासुरवाडी अलीकडे आणि बहिणीचं घर पलीकडे, जिकडे जाणार नाही तिकडच्यांचा राग. दुपारी दोन्ही बाजार अर्धे रिकामे आणि दोन्ही गावचे पंच तुम्हाला शोधत फिरत होते. तुम्ही मुरमुऱ्याच्या पोत्यांमागे बसला होता. अंगभर कोंडा. मला वाटलं आता हा माणूस सल्ले देणं सोडेल. तुम्ही पोत्यामागून डोकं वर काढून म्हणालात, “रेखा, लोकं आता कुठी असतीन?”

मी म्हटलं, घरी, तुम्हाला शिव्या देत. तुम्ही म्हणालात, नाही. ते इकडून तिकडे जाऊन पाहून राहिले असतील, की त्यांच्याकडे जास्त गर्दी आहे की आमच्याकडे. आणि जाणारा-येणारा प्रत्येक माणूस नाल्यावरच्या त्या ठेंगण्या पुलावरून, रपट्यावरूनच जाणार.

आम्ही टोपल्या ऑटोत टाकल्या आणि रपट्याच्या तोंडाशी बसलो. भाऊ, तसा दिवस पुन्हा आला नाही. दोन्ही गावं माझ्यासमोरून दोन्ही दिशांनी जात होती. जाताना अर्धे घ्यायचे, येताना उरलेले घ्यायचे. शेवटी पंचही आले, दोन्हीकडचे, एकाच वेळी. तुमच्या तोंडात लाडू होता, त्यामुळे तुम्हाला उत्तर देता आलं नाही, आणि ऐकून घ्यावं लागलं. पुढच्या वर्षी दोन्ही गावं आपापल्या जुन्या दिवशी गेली आणि तुम्ही दोघांचीही अनाउन्सिंग फुकट केलीत. तुम्ही मात्र शेवटपर्यंत म्हणत होता, सल्ला दोघांनाही बरोबरच दिला होता. हा वाद मी तेव्हाच सोडून दिला.

सोडला नाही तो दुसरा वाद, आपला शेवटचा. मी हे लिहिते आहे ते त्याच्यासाठी.

गेल्या हिवाळ्यात नवेगाव बांधच्या तलावावर पक्षी पाहायला आलेल्या नागपूरच्या एका मिठाई दुकानदाराला तुम्ही माझे लाडू चारलेत. ते त्याला आवडले. उन्हाळ्यात त्याचा फोन आला, दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत जेवढे बांधाल तेवढे सगळे द्या, दुकानाची गाडी दारात येऊन नेईल. अट एकच, डबा त्याचा, नाव त्याच्या दुकानाचं. आणि सगळे म्हणजे सगळे, मंडईसाठी उरणार नाहीत. मी हसून फोन ठेवला. मला वाटलं तुम्हीही हसाल.

तुम्ही म्हणालात, हो म्हणून टाक.

मला आधी गंमत वाटली. मग दिसलं की तुम्ही खरंच बोलत आहात. पावसाळाभर तुम्ही तेच लावून धरलंत. रस्त्याच्या कडेला धुळीत किती वर्षं बसशील, मंडईचा भरवसा नाही, अवेळी पाणी आलं की सगळा माल नरम, इथे गाडी दारात येते. एकेक मुद्दा बरोबर होता, म्हणूनच मी जास्त चिडले. आमच्या ह्यांनाही ते पटलं होतं. घरात मी एकटी पडले. तो होकार म्हणजे आमच्या घराला वर्षभराची शाश्वती होती, हे मला कळत होतं. आणि तो होकार म्हणजे मंडईतली माझी जागा, माझ्या नावाचा लाल पुडा, सगळं संपणार होतं, हेही कळत होतं. एक दिवस भट्टीसमोर मी तुम्हाला तोंडावर विचारलं, इतकी वर्षं माझं नाव गावोगाव ओरडत फिरलात, आता ते पुसायला निघालात?

“नावाचं काय करतेस तू? माल खपते नं,” तुम्ही म्हणालात.

तुम्ही! ज्या माणसाने मला शिकवलं की नाव नसलेला लाडू म्हणजे नुसता गूळ आणि मुरमुरे, तो हे म्हणत होता. मी खूप बोलले. पाण्याचा लोटा मागितलात, घोट घोट प्यालात आणि ऑटो घेऊन गेलात. तुमचा आवाज तेव्हा बसलेला होता. तुम्ही सांगत होता, बर्फाचा गोळा बाधला. आम्ही सगळे तुम्हाला चिडवत होतो, भोंग्याला गंज चढला म्हणून.

शेवटचं भेटलो ते गोंदियाच्या दवाखान्यात. मी पुडा आणला होता. तुम्हाला गिळता येत नव्हतं. तुम्ही एक लाडू हातात घेऊन हुंगलात आणि फुसफुसत म्हणालात, गूळ काळा आहे ह्या वेळचा. मग म्हणालात, दिवाळीच्या आत त्याला हो म्हण. मी म्हटलं, तुम्ही आधी उठून घरी या, मग भांडू. तुम्ही हसलात, मान हलवलीत. बाजूच्या खाटेवरचा माणूस हिंदीत विचारत होता, ये लड्डू बिकते हैं क्या? तुम्ही बोटाने माझ्याकडे दाखवलंत. तेवढ्यातही.

मग तुम्ही गेलात, आणि मी राग कुणावर काढायचा ते मला कळेना. तेरवीची पंगत उठल्यावर मी तुमच्या घरात कौसल्यावहिनींजवळ बसले होते. भांडी घासायला बायका लागल्या होत्या. मी म्हटलं, वहिनी, ते गेले, पण माझ्याशी भांडण ठेवून गेले. मला मंडईतून का उठवत होते, एवढं तरी सांगून जायचं. तेव्हा वहिनींनी सांगितलं की नागपूरच्या डॉक्टरांनी तुम्हाला उन्हाळ्यातच सांगितलं होतं, हा आवाज परत येणार नाही, आणि पुढची दिवाळी दिसेल असंही धरून चालू नका. ते फक्त वहिनींना माहीत होतं. त्या दिवशी नागपूरहून परत येताना तुम्ही गाडीत सगळा वेळ खिडकीबाहेर पाहत होता, आणि सौंदड आल्यावर एकच वाक्य बोललात.

“मी नसलो त रेखाचे लाडू सांगन कोण?”

भाऊ, मला हे कळायला पाहिजे होतं असं मी म्हणणार नाही. तुम्ही लपवण्यात हुशार होता. पण त्या क्षणी मला तुमचा भयंकर राग आला आणि तितकीच तुमच्यावर माया आली. स्वतःचं मरण समोर आल्यावर माणूस काय काय करतो, तुम्ही माझ्या पुढच्या सीझनचं प्लॅनिंग करत बसलात. भोंगा बंद पडणार, म्हणून जिथे भोंगा लागत नाही असं गिऱ्हाईक मला शोधून दिलंत. नाव तुम्ही पुसत नव्हता, ते ओरडायला कुणी उरणार नाही ह्याची काळजी करत होता. एवढं कुणी माझ्यासाठी केलेलं नाही. माझ्या सख्ख्या भावांनीही नाही.

दिवाळीच्या आत नागपूरचा फोन आला. त्यांनी आधी तुमच्याबद्दल हळहळ व्यक्त केली, मग विचारलं. आमचे हे समोर उभे होते. तुमचा प्लॅन मी तुम्ही शिकवलं तसाच तपासला. माल, वेळ, गाडी, पाऊस, सगळं बरोबर बसत होतं. आणि मी नाही म्हटलं. माझ्या नावाने घेत असाल तर मंडई आटोपल्यावर थोडे देईन, एवढं बोलले. ते म्हणाले, पाहू. म्हणजे ते गेलंच असं धरा. तुमचं ऐकलं नाही, आणि आता बोलून घ्यायला तुम्हीही नाही. खपले नाहीत तर घर कसं चालवायचं, हे काहीच ठरवलं नव्हतं. मी हट्टाने नाही म्हटलं होतं.

परवा पहिली मंडई झाली. नेहमीच्या वाटेवर मी पाल टाकलं. भोंगा नाही, नाटकवाल्यांनी दुसराच ऑटो लावला होता, त्याने नाटकाचंच नाव धड घेतलं नाही. मी टोपल्या मांडत होते तेवढ्यात कौसल्यावहिनी आल्या. म्हणाल्या, घरी बसून काय करू, आणि बाजूला पोतं टाकून बसल्या. दुपार झाली. मोटारसायकली जात होत्या, जावई जात होते, थांबत कुणीच नव्हतं. मी हाक मारून पाहिली, ती धुळीतच राहिली. मनात म्हटलं, दुलीचंदभाऊ, तुम्हीच बरोबर होता.

तेव्हा वहिनी उठल्या. पदर खोचला आणि सरळ रस्त्यावर जाऊन एका मोटारसायकलपुढे उभ्या राहिल्या. त्याने ब्रेक लावला. त्यांनी आवाज चढवला नाही. त्याला विचारलं, तुम्ही अमक्याच्या धाकट्या लेकीचे मालक ना? तुमच्या सासूबाईंनी दात काढून घेतले आहेत, त्यांच्यासाठी नरम गुळाचा पुडा न्या, गेल्या वर्षीचा त्यांना चावता आला नव्हता. तो माणूस खाली उतरला. त्याच्या मागच्याला त्यांनी साळ्याचं नाव घेऊन अडवलं, त्याच्या मागच्याला सासऱ्याच्या मोडलेल्या पायाची चौकशी करून. एकालाही त्यांनी ‘लाडू घ्या’ म्हटलं नाही. त्या फक्त कुणाच्या घरी कोण वाट पाहतं आहे ते सांगत होत्या, आणि माणसं पुडे घेत होती. मी दोऱ्या बांधता बांधता थकले.

मध्ये जरा उसंत मिळाली तेव्हा मी विचारलं, वहिनी, तुम्हाला हे सगळं कुठून माहीत? त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी फारच सोपं काहीतरी विचारलं.

“त्यायले बोलाचं काम होतं, बाई. रोज घरी येऊन साऱ्या गावाचं सांगत. आयकाचं काम माह्याकडं होतं.”

भाऊ, तुमच्या एवढ्या मोठ्या प्लॅनमध्ये तुम्ही ह्यांना धरलंच नव्हतं. लाडू सांगणारा माणूस तुम्ही तालुकाभर, जिल्हाभर, नागपूरपर्यंत शोधलात, आणि तो तुम्हाला रोज रात्री भाकर वाढत होता. ह्या मुद्द्यावर मी जिंकले आहे, आणि तुम्हाला उलट बोलायला जागा नाही.

नाटकाची पहिली घंटा व्हायच्या आधीच टोपल्या रिकाम्या झाल्या. मी सवयीने रस्त्याकडे पाहिलं, तुम्हाला सांगायला. तुम्ही नव्हता. मग मी वहिनींना सांगितलं, संपले सगळे. त्या पोतं झटकत होत्या. म्हणाल्या, पुढच्या मंडईले जास्त बांध.